कॅलेथियाच्या कडा करपतायत, ह्युमिडिटी नक्की वाढवायची कशी?

निळी_कुंडी:
नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या. माझ्याकडे कॅलेथिया ऑर्बिफोलिया आहे, एक मरांटा, एक हंसराज (पातळ पानांचा नेचा, म्हणजे फर्न), आणि आता त्यात अँथुरियम क्लॅरिनर्व्हियमची भर पडलीय. कॅलेथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्यात, टोकापासून सुरू होतं आणि मग कडेकडेने सरकत जातं. नवीन पान सुरळीतून बाहेर येतं ते अर्धवटच उलगडतं, एक बाजू चिकटूनच राहते. हंसराजाचं तर विचारूच नका. सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारते, कुंड्यांखाली खडे आणि पाणी घातलेले ट्रे ठेवलेत, तरी ह्युमिडिटी (हवेतला दमटपणा) मोजणारा मीटर दुपारी ४० टक्क्यांच्या आसपासच दाखवतो. सगळीकडे वाचते की ६० च्या वर पाहिजे. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं मशीन) घ्यावाच लागेल का?

मातीतला_माणूस:
थांबा, घाई नका करू. आधी दोन गोष्टी सांगा, पाणी कुठलं घालता आणि कुंडीत माती कसली आहे. कडा करपल्या की सगळे हवेच्याच मागे लागतात, पण निम्म्या वेळा गुन्हेगार मुळाशी बसलेला असतो. पाण्यातले क्षार मुळातून वर चढतात, पानातून पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ते साठतात टोकाला आणि कडेला, म्हणून करपणं तिथूनच सुरू होतं. मरांटाच्या कुळातली झाडं (कॅलेथियाही त्यातलीच) त्यात फ्लोराइडला फार नाजूक, ड्रॅसिना आणि स्पायडर प्लँटचंही तेच. आणि नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की झालं असं सगळे सांगतात ना, त्याने फक्त क्लोरीन जातो. फ्लोराइड जात नाही, क्षार जात नाहीत, आणि पाण्यात क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करायला घालतात ते क्लोरीनचं टिकाऊ रूप) असेल तर तेही रात्रभरात जात नाही. उकळून थोडा जडपणा खाली बसतो, बाकीचं उलट घट्ट होतं.

स्प्रे बंद केलात तरी चालेल. दोन वेळच्या स्प्रेने हवा दमट राहत नाही, काही मिनिटांत परत होती तिथे येते. मखमली पानाच्या अँथुरियमवर तर मारूच नका, पाणी पानावर बसून राहतं आणि डाग पडतात.

पानवेडी:
मातीतला_माणूस, तुम्ही प्रत्येक धाग्यावर येऊन पाणी पाणी करता :) कडांचं एक वेळ मान्य. पण सुरळी अडकते त्याचं काय? कॅलेथियाचं नवीन पान गुंडाळलेलं येतं, हवा कोरडी असली की बाहेरचा पदर आतला उलगडायच्या आधीच वाळतो आणि चिकटून बसतो. हे क्षारांनी होत नाही. ४० टक्क्यांत ऑर्बिफोलिया तग धरेल, पण तिचं पान धड निघणार नाही. मी तरी ५५ च्या खाली ही झाडं ठेवायच्या विरोधात आहे. आणि हंसराज ४० मध्ये म्हणजे छळ आहे तो, त्याची पानं इतकी पातळ की कुंडी एकदा कोरडी पडली की संपलं, नंतर कितीही पाणी घाला तेच पान परत हिरवं होत नाही. खालून नवीन येतात ते वेगळं.

आकडेमोड:
दोघंही बरोबर आहात आणि दोघंही अर्धंच सांगताय. कोरड्या हवेत पानातून पाणी जास्त ओढलं जातं, जास्त ओढलं की क्षारही जास्त वर येतात. म्हणजे हवा कोरडी आणि पाणी जड असेल तर नुकसान दुप्पट. एक सुधारलं तरी फरक दिसतो म्हणून प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

आता हवेचा हिशोब. मीटरवरचे टक्के हे तापमानाला बांधलेले असतात हे लोक विसरतात. २० अंशाची हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, ३० अंशाची ३० ग्रॅम. बाहेर ५ अंश आणि गच्च धुकं, म्हणजे १०० टक्के, अशी हवा घरात घेऊन हीटरने २२ अंशांवर नेली की मीटर ३५ टक्के दाखवतो, पाणी तेवढंच आहे, फक्त हवेची धारणशक्ती वाढली. एसीचा प्रकार वेगळा, तो थंड कॉइलवर वाफेचं पाणी करून नळीतून बाहेर सोडतो. त्या नळीतून टपकतं ते तुमच्या कॅलेथियाच्या वाटणीचं पाणी आहे.

आणि झाडाला टक्के कळत नाहीत, त्याला हवेची ओढ कळते, म्हणजे हवा पानातून किती जोराने पाणी ओढते ते. ५० टक्के २० अंशाला आणि ५० टक्के ३० अंशाला यात ओढीचा फरक जवळजवळ दुप्पट (१.२ आणि २.१ किलोपास्कल). म्हणून थंड कोपऱ्यात ४५ टक्क्यांत झाड मजेत असतं आणि तापलेल्या खिडकीत ५५ मध्ये रडतं. निळी_कुंडी, तुमचा मीटर दुपारी ४० दाखवतो तेव्हा तापमान किती असतं तेही लिहा.

पुढचा हिशोब म्हणजे स्प्रेचा. समजा खोली ३० घनमीटरची, तापमान २५. तिथे ४० वरून ६० टक्क्यांवर जायला हवेत साधारण १४० ग्रॅम पाणी जास्तीचं लागतं. स्प्रेच्या एका दाबात फार तर १ मिली, म्हणजे १४० दाब आणि तेही पूर्ण वाफ झाले तर. बरं खोली काही डबा नाही, फटींमधून हवा बदलत राहते. दर दोन तासांनी पूर्ण बदलते असं धरा, मग ताशी ७० ग्रॅम, दिवसाला १६०० ते १७०० ग्रॅम. खड्यांच्या ट्रेमधून उडणारं पाणी या हिशोबात चिल्लर. ट्रेच्या लगेच वर थोडा फरक पडतो, पानापर्यंत तो पोचत नाही. हे आकडे ढोबळ आहेत, चूभूद्याघ्या.

अर्धवट_रिकामा:
वाचनखूण साठवली. स्प्रे बाटली कपड्यांच्या इस्त्रीला दिली.

पानवेडी:
आकडेमोड, मस्त प्रतिसाद. तरी ट्रे अगदीच टाकाऊ नाही म्हणता येणार, कुंडीतून निथळलेलं पाणी खड्यांखाली राहतं, मुळं पाण्यात बसत नाहीत आणि फर्निचर वाचतं. फक्त त्याला ह्युमिडिटीचा उपाय म्हणू नये. झाडं एकत्र ठेवणं मात्र खरंच उपयोगी, ती स्वतःच वाफ सोडतात, दाटीवाटीत पानांच्या मधली हवा खोलीपेक्षा ओली राहते. पण दाटीचा तोटा असा की एकाला कीड लागली की सगळ्यांना.

नेचेवाला:
सगळी खोली कशाला ओली करताय, झाडाभोवतीची हवा ओली करा. काचेचं कपाट, जुना फिश टँक, मोठी बरणी, काहीही. मी नेचे पाळतो आणि काचेशिवाय हा नाद झेपला नसता.

थोडं अवांतर, पण ही युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना नेचे लावायची भारी हौस, पण शहरातल्या कोळशाच्या धुरात ते जगायचे नाहीत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष बघायला बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि न उघडता वाढत राहिलं. दिवसा पाण्याची वाफ व्हायची, ती काचेवर जमून परत मातीत उतरायची. पुढे त्यांच्या काचपेट्यांमधून जहाजावरून रोपं जगभर फिरली, रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून भारतात चहाची रोपं आणली ती याच पेट्यांतून. तेव्हा बंद काच म्हणजे इंटरनेटवरचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं.

कपाट करणार असाल तर मात्र आत छोटा पंखा पाहिजे, कॉम्प्युटरमधला चालतो, चोवीस तास मंद फिरता ठेवा. हवा हलली नाही की पानांवर बुरशी येते. काचेवर सकाळी थोडं धुकं चालतं, दिवसभर पाणी ओघळतंय म्हणजे फार ओलं झालंय, दार थोडं उघडा. आत पाणी घालायचं प्रमाण बाहेरच्या निम्म्याहून कमी होतं, लोक जुन्या सवयीने घालत राहतात आणि मग मूळकूज. आणि काचेवर थेट ऊन येऊ देऊ नका, आत भट्टी होते.

एकच_खिडकी:
मध्येच विचारते, ह्युमिडिफायरचा कुणाला अनुभव आहे का? माझ्या काळ्या टेबलावर पांढरी पूड बसायला लागलीय, पानांवरही दिसते, कीड आहे का ती?

आकडेमोड:
कीड नाही, तुमच्या पाण्यातले क्षार आहेत. अल्ट्रासॉनिक मशीन पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतं, थेंब सुकला की आतला क्षार पूड होऊन खाली बसतो. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, पूड बंद. ओल्या वातीवरून हवा सोडणारं मशीन असतं त्यात क्षार वातीतच राहतात, पण वात बदलावी लागते. टाकी दर दोनतीन दिवसांनी रिकामी करून घासा, शेवाळाचं पाणी श्वासात घ्यायचं नसेल तर. आणि वाफेचा झोत पानांवर सोडू नका, जरा वर, लांब.

एक गोष्ट झाडांच्या नादात विसरली जाते, घरात माणसं आणि भिंतीही राहतात. सगळी खोली ६० च्या वर सतत ठेवली, त्यात भिंत थंड असली, की कपाटामागे बुरशी धरते. म्हणून खोली ५० पर्यंत आणि ज्यांना जास्त हवं ते काचेत, असा माझा कौल.

निळी_कुंडी:
बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. विचारलेली माहिती देते. दुपारी खोली २९ अंश. पाणी नळाचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजला तर ४८० आला. माती म्हणजे बागेची माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट, कुंडीच्या तळाशी पाणी निचरायला खडीचा थर दिलाय. मीटर साधा डिजिटल आहे, तो बरोबर दाखवतो की नाही हे कसं बघायचं?

आकडेमोड:
मीटरसाठी मिठाची चाचणी. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं ओलं करा, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवायचे. स्वस्त मीटर चारपाच टक्के इकडेतिकडे असतातच.

मातीतला_माणूस:
४८०! घ्या, सापडला चोर. ऑर्बिफोलियाला आरओचं किंवा पावसाचं पाणी सुरू करा. पण जुन्या पानांच्या कडा बऱ्या होणार नाहीत हे डोक्यात ठेवा, मेलेला भाग मेलेलाच राहतो, कात्रीने पानाच्या आकारात कापून टाका, हिरव्याला न लागता. सुधारणा मोजायची ती पुढे येणाऱ्या पानांवर. आणि घरात पाणी मऊ करायचं मशीन असेल तर ते पाणी चुकूनही नको, त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेला असतो.

आता माती. या झाडांची मुळं रानात पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात असतात, तिथे ओल असते आणि हवाही असते. बागेची माती कुंडीत बसते, घट्ट होते, मुळं गुदमरतात, गुदमरलेलं मूळ पाणी ओढत नाही आणि वर पान वाळतं. मग आपण म्हणतो हवा कोरडी, आणि अजून पाणी घालतो! धुतलेलं कोकोपीट, पर्लाइट (पांढरे हलके खडे) आणि ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाची साल, साधारण २:१:१, वर मूठभर गांडूळखत. कोकोपीट धुवायचं का, तर त्यातच मीठ असतं, तीनचार पाण्यातून काढा.

तळाची खडी काढून टाका. खडीने निचरा होतो हा गैरसमज फार चिवट आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, मातीच्या तळाशी अडून राहतं. म्हणजे खडी घातली की तो ओला पट्टा आणखी वर, मुळांच्या अगदी जवळ येतो. भोक मोठं ठेवा, बस.

खत देत असाल तर डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, वाढीच्या दिवसांत, आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्या म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

गुलमोहर_नाही:
एवढं सगळं करण्यापेक्षा मनीप्लँट लावा हो, सुखी राहाल.

पानवेडी:
ही पिंक अपेक्षितच होती :D पण त्यात एक तथ्य आहे. नवीन झाड घेताना पान बोटांत धरून बघा. जाड, चामड्यासारखं, वर मेणाचा थर, म्हणजे कोरड्या हवेत निभावेल. जाड पानांचे बरेचसे फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, होया, झेडझेड हे त्यातले. कागदासारखं पातळ असेल तर हट्ट करणार. मधल्यांत मरांटा येते, ती कॅलेथियापेक्षा बरीच समजूतदार. फिटोनिया कुंडी सुकली की पार मेल्यासारखी आडवी पडते आणि पाणी मिळालं की तासाभरात उठून बसते, नाटकी आहे नुसती, पण सारखं सारखं पाडू नका. रच्याकने, बऱ्याच कॅलेथिया २०१२ च्या वर्गीकरणापासून गोएपर्टिया झाल्यात, नर्सरीच्या लेबलवर ते दिसलं तर वेगळं झाड समजून परत तेच घेऊ नका.

आणि निळी_कुंडी, नवीन आणलेलं अँथुरियम लगेच उघड्यावर ठेवू नका. ते ग्रीनहाऊसच्या ओल्या हवेत वाढलंय, त्याची आत्ताची पानं त्याच हवेसाठी घडलेली आहेत. पारदर्शक पिशवी वरून घाला, दोन आठवड्यांत हळूहळू जास्त वेळ उघडी ठेवत न्या. एखाददुसरं जुनं पान तरी पिवळं पडेल, घाबरून त्यात पाणी ओतू नका.

एकच_खिडकी:
माझ्या कॅलेथियाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आहेत, सुईने टोचल्यासारखे, आणि पान निस्तेज झालंय. हेही पाण्यामुळेच का?

मातीतला_माणूस:
नाही, हे लाल कोळ्याचं (स्पायडर माइट) लक्षण. पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानाला टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले की समजा लाल कोळी. गरम कोरड्या हवेत त्याचं फावतं, ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते. आणि तो कीटक नाही, आठ पायांचा आहे, म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं मारून उपयोग नाही, उलट वाढतो कधीकधी. झाड बाजूला काढा, नळाखाली पानांच्या खालच्या बाजू धुवा, मग मऊ साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल, आधी एका पानावर मारून बघा कारण कॅलेथियाची पानं तेलाला कधी कधी रुसतात. अंडी यातून वाचतात, त्यामुळे दर पाचसहा दिवसांनी परत, किमान तीनदा. लोक पहिल्या धुण्यानंतर खूश होऊन थांबतात आणि पंधरा दिवसांनी इथे धागा काढतात.

चंदेरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके असतील तर मात्र फुलकिडे, त्यांचे कोष मातीत असतात, नुसतं पान धुऊन भागत नाही.

नेचेवाला:
उजेडाचं कुणी बोललंच नाही. जंगलात तळाशी वाढतात म्हणून लोक या झाडांना पार अंधाऱ्या कोपऱ्यात, नाहीतर बाथरूममध्ये नेऊन ठेवतात. बाथरूमची वाफ अंघोळीनंतर अर्ध्या तासात जाते, अंधार दिवसभर राहतो. खिडकीपासून चारपाच फूट आत गेलात की उजेड किती पडतो ते डोळ्यांना कळत नाही, मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजा म्हणजे दचकाल. पूर्वेची खिडकी, किंवा पातळ पडद्यामागे. मरांटा आणि कॅलेथियाची पानं रात्री उभी मिटतात आणि सकाळी उघडतात, देठाच्या वरच्या टोकाला फुगीर सांधा असतो त्यात पाणी भरतं-उतरतं म्हणून. ही हालचाल मंदावली तर मी आधी उजेड बघतो आणि मग कुंडी.

निळी_कुंडी:
माती आणि पाणी दोन्ही आधी बदलते, खोली आहे तशीच ठेवते, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. हंसराज आणि क्लॅरिनर्व्हियम काचेत. शेवटचा प्रश्न, घरात मांजर आहे आणि तिला पानं चावायची सवय आहे, यातलं काय धोक्याचं?

पानवेडी:
कॅलेथिया, मरांटा, फिटोनिया, हंसराज, बोस्टन फर्न बिनधास्त ठेवा, विषारी नाहीत, जास्त खाल्लं तर ओकेल इतकंच. अळूच्या कुळातली सगळी सांभाळा, अँथुरियम, ॲलोकेशिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलॅडियम, आणि वर सांगितलेला मनीप्लँटसुद्धा. त्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, घसा सुजू शकतो. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट व्हेटकडे. छाटणी करताना तुम्हीही चीक डोळ्याला लागू देऊ नका. अँथुरियम काचेत गेलं की हा प्रश्न आपोआप सुटतो, फक्त कपाटाचं दार घट्ट लागतं ना ते बघा, मांजरं पंजाने दार ओढायला लगेच शिकतात.